क्लबात काहीतरी चुकतंय, सांगायचं कुणाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात तालीम, कबड्डी मंडळ किंवा निदान एक क्रिकेट टीम नाही असं गाव शोधावं लागेल. चंदगडच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात अशाच एका मंडळाचा मी नऊ वर्षं खजिनदार होतो. या काळात लोकांनी देवळाच्या पायरीवर, एस.टी.ची वाट बघताना, आणि बहुतेक वेळा "माझं नाव घेऊ नका हां" असं म्हणून जे विचारलं, ते इथे उत्तरांसकट मांडलंय. मी वकील नाही. कायदा जिथे लागतो तिथे तो कुठला एवढं सांगितलंय. पुढचं काम वकिलाचं, आणि तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडून महिलांना, मुलांना आणि गरिबांना वकील फुकट मिळतो.

सांगण्यासारखं म्हणजे नेमकं काय? प्रत्येक कुरबुर तक्रार होते का?

नाही. कोचने पोराला राखीव बेंचवर बसवलं ही कुरबुर. बेंचवर बसवायचं नसेल तर घरी पैसे आणून दे, असं सांगितलं तर तक्रार. सर ओरडतात ही कुरबुर. पट्ट्याने मारतात, वजन उतरवायला पोराला दोन दिवस पाणी देत नाहीत, जखमी खेळाडूला गोळी चारून मैदानात उतरवतात, ही तक्रार. मंडळाचे पैसे, मुलांच्या अंगाला हात, खोटे दाखले, औषधं, आणि कुणी बोललं म्हणून त्याला दिलेला त्रास या पाच गोष्टींपैकी काही दिसलं तर "आपल्याला काय करायचंय" म्हणू नका. बाकीच्या गोष्टी चहावर मिटतात, मिटू द्याव्यात.

इथे सगळेच एकमेकांचे पाव्हणे. वस्ताद माझ्या बायकोचे मामा. बोलू कसा?

सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि याला एका ओळीचं उत्तर नाही. शहरातल्या अकादमीत कोच हा पगारी माणूस असतो. आपल्याकडे तो लग्नात अक्षता टाकायला येतो, शेताच्या बांधाला त्याचा बांध लागतो, त्याच्या ट्रॅक्टरने आपली नांगरट होते. त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे दोन घरांतला आहेर बंद होणं. हे भय खोटं नाही. "धाडस करा" असं सांगणाऱ्याला पुढच्या जत्रेत त्याच गल्लीतून फिरायचं नसतं.

म्हणून मी लोकांना दोन गोष्टी सांगत आलोय. एक, गोष्ट त्याच्या पाव्हण्याला सांगू नका, तुमच्याही पाव्हण्याला नको. कमिटीत असा एक तरी माणूस असतो ज्याचा दोन्ही घरांशी संबंध नाही. बहुतेक वेळा तो शाळेतला मास्तर किंवा बाहेरून येऊन स्थायिक झालेला असतो. दोन, माणसाबद्दल बोलू नका, झालेल्या गोष्टीबद्दल बोला. "मामा वाईट आहेत" म्हटलं की सगळं घर अंगावर येतं. "मंगळवारी साडेसहाला तालमीच्या मागच्या खोलीत दार लावून मालिश चाललं होतं, आत एकच पोरगा होता" या वाक्यावर भांडता येत नाही, त्याची फक्त चौकशी करता येते.

पण कुस्तीत अंगाला हात लावावाच लागतो ना? त्यात वाईट बघायचं म्हणजे…

लावावाच लागतो. पट काढायला शिकवताना, धोबीपछाड दाखवताना वस्ताद पोराला धरणारच. कबड्डीतली पकड तशीच. त्यामुळेच हा प्रश्न तालमीत अवघड होतो, आणि वाईट माणूस याच आडोशाला उभा राहतो.

फरक डावात शोधू नका. जागा कुठली, वेळ कुठली आणि सोबत कोण, ते बघा. डाव आखाड्यात शिकवायचा असतो, तांबड्या मातीत, चारचौघांसमोर. खोलीत शिकवायचा डाव अजून कुणी काढलेला नाही. दमलेल्या वस्तादांचे पाय पोरांनी दाबायची जुनी रीत आहे. मीही दाबलेत, आणि त्यात मला कधी वावगं वाटलं नाही. पण आज मी कमिटीत असतो तर ती बंद केली असती. मालिश हवं तर आखाड्याच्या कडेला, दार उघडं, दोनतीन पोरं असताना. बाहेरगावची पोरं तालमीत राहत असतील तर रात्री त्यांच्या खोलीत मोठ्या माणसाने झोपायचं नाही, आणि पोरांना आईबापांशी रोज, वस्तादांसमोर न बसता, फोनवर बोलता आलं पाहिजे. यात कुणावर संशय नाही. चांगल्या वस्तादालाही यामुळे उद्या कुणी बोट दाखवू शकत नाही.

अठराच्या आतल्या मुलाशी लैंगिक प्रकार झाल्याचं कळलं. आधी कमिटीत विचारू की थेट पोलीस?

थेट पोलीस. इथे मंडळाची चौकशी नाही, पंच नाहीत, "आधी त्यांची बाजू ऐकू" नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे, त्यात कलम १९ आहे. असा गुन्हा झाल्याचं माहीत असेल किंवा होईल अशी धास्ती असेल, तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. अध्यक्षांना हे एकदा वाचून दाखवा, "गावात मिटवू" ही भाषा लगेच बदलते. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्यासाठी खटला भरता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही.

मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका. "नक्की काय केलं? दाखव बघू" असं चार माणसांनी विचारलं की पोरगं मिटतं. एकदा ऐकलं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवलं, बस. पोलिसांनी मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, गणवेश न घालता, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. रात्री मुलाला स्टेशनात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. फोन करायचा तर १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस).

कुणाकडे तसला व्हिडिओ आला असेल तर तो "पुरावा म्हणून" कुणालाही पुढे पाठवू नका. मुलाचा तसा व्हिडिओ पाठवणं हाच गुन्हा आहे. फोन जसा आहे तसा पोलिसांकडे न्या.

घटना गडहिंग्लजला स्पर्धेला गेल्यावर घडली. बेळगावचे पोलीस "महाराष्ट्रात जा" म्हणाले तर?

सीमेवर राहणाऱ्यांचा हा खास प्रश्न. सकाळी शिनोळीवरून पलीकडे जायचं, मॅच खेळून संध्याकाळी परत, राज्य बदललं हे लक्षातही येत नाही. तक्रार करताना मात्र येतं.

हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशाची) माहिती कुठल्याही पोलीस ठाण्याने नोंदवून घ्यायची असते. याला झिरो एफ.आय.आर. म्हणतात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तो स्पष्ट आला आहे. इथे नोंदवतील, तिकडे वर्ग करतील. प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नाहीच घेतली तर ग्रामीण भागासाठी पोलीस अधीक्षक, शहरात पोलीस आयुक्त यांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. मूल बरोबर घेऊन दोन राज्यांत हेलपाटे मारायची गरज नाही.

मला कन्नड लिहिता येत नाही. मराठीत अर्ज घेतात का?

राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं मांडणारा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याकडे देता येतो. मराठी अर्ज "चालत नाही" म्हणून परत करता येत नाही. टेबलावरच्या क्लार्कला हे माहीत असेलच असं नाही. म्हणून माझी पद्धत अशी: मूळ अर्ज मराठीत, सही त्याच्यावर, आणि पाठीमागे साध्या कन्नडमधला गोषवारा जोडलेला. फाईल लवकर हलते. पोक्सोमध्ये मुलाचा जबाब त्याला न कळणाऱ्या भाषेत लिहिला जात असेल तर दुभाषा देणं बंधनकारक आहे. तो मागा, आणि लिहिलेलं मुलाला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.

आता एक आडवळणाची गोष्ट. आपल्या जिल्ह्यात कुठल्याही तक्रारीला दोन दिवसांत भाषा चिकटते. कोच कन्नड, पोरगा मराठी, किंवा उलट. मग दोन्हीकडचे झेंडे बाहेर येतात, कुणीतरी निवेदन देतं, कुणीतरी रस्ता अडवतं, आणि ज्या पोरासाठी हे सुरू झालं ते घरात कोपऱ्यात बसलेलं असतं. त्याचं प्रकरण मग कुणालाच नको असतं. कोच कुठली भाषा बोलतो हे अर्जात लिहू नका. कुणी संघटना "आम्ही बघतो" म्हणत दारात आली तर पाणी द्या, आभार माना आणि अर्जाची प्रत देऊ नका.

लिहून ठेवा म्हणता. काय लिहू?

दोनशे पानी वही घ्या. सुट्टे कागद नको, पानं मागाहून घातली असं म्हणता येतं. त्याच दिवशी, पेनने. बघितलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं वेगवेगळं. नमुना देतो:

"गुरुवार, संध्याकाळी ७:१०. मैदानाच्या पूर्वेच्या गेटजवळ. मी आणि शेजारचे काका होतो. सरांनी आठवीतल्या एका मुलाच्या पाठीत स्टंप मारला, दोनदा. मुलगा खाली बसला. (हे मी बघितलं.) मुलगा म्हणाला, काल पण मारलं. (हे ऐकलं.) सरांनी घेतली असावी असं वाटलं. (हे माझं मत.) मुलाच्या आईला ७:४० ला फोन केला."

एवढंच. "अमानुष", "नराधम" हे शब्द वहीत नको. फोटो काढला असेल, कॉल रेकॉर्ड झाला असेल, तर तो ज्या फोनवर आहे त्याच फोनवर राहू द्या. कोर्टात मूळ उपकरण किंवा प्रमाणपत्र लागतं. तीन ग्रुपांतून फिरून आलेल्या क्लिपला फारशी किंमत राहत नाही.

मंडळाच्या पैशात घोळ आहे असं वाटतं. कुठून सुरू करू?

पावती पुस्तकांपासून. हिशेबाच्या वहीपासून नको, ती नेहमी जुळलेली असते.

मी खजिनदार झालो त्या वर्षी आधीच्या माणसाकडून एक प्लास्टिकची पिशवी मिळाली. आत पावती पुस्तकं, रबरबँड लावलेली, वर हळदीकुंकवाची बोटं, कारण दसऱ्याला त्यांची पूजा झाली होती. सहज क्रमांक लावले. १ ते ५०, ५१ ते १००, आणि पुढचं थेट १५१. प्रेसवाल्याच्या बिलात चार पुस्तकं होती, पिशवीत तीन. त्या एका पुस्तकावर किती वर्गणी गोळा झाली ते आजही कुणाला माहीत नाही. मी सभेत फक्त बिल आणि तीन पुस्तकं टेबलावर ठेवली, चकार शब्द बोललो नाही. मधली पाच मिनिटं फार लांब वाटली. पुढच्या वर्षीपासून पुस्तकांची नोंद ठेवायचा ठराव झाला. चोर सापडला का? नाही. पण गळती थांबली, आणि माझी कुणाशी भांडाभांड झाली नाही. जत्रेत मात्र दोन घरांनी मला वर्षभर हाक मारली नाही.

एवढ्याने भागत नसेल तर कागद बघा. बहुतेक मंडळं १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, तेव्हा जुन्या तालमीच्या दाखल्यावर वेगळा शिक्काही असू शकतो. आधी तो दाखला शोधा. १९६० च्या कायद्यात वर्षाची सर्वसाधारण सभा, कार्यकारिणीची यादी आणि हिशेब निबंधकांकडे देणं आलं. त्यातलं कलम २५ महत्त्वाचं: एक तृतीयांश सभासदांनी किंवा कार्यकारिणीच्या बहुमताने अर्ज केला तर निबंधकांनी चौकशी लावलीच पाहिजे. मंडळाचे १२० सभासद असतील तर ४० सह्या. निबंधक स्वतःहूनही लावू शकतात. हे काम सहकार खात्याकडे असतं, पोलिसांकडे नाही.

इथे एक मेख आहे. तुमचं पोरगं खेळतं म्हणून तुम्ही सभासद होत नाही. वर्गणी भरून सभासद झाला असाल तरच तुमची सही मोजली जाते. पावती घ्या.

ग्रामपंचायतीने, क्रीडा खात्याने किंवा आमदार निधीतून जिमचं साहित्य दिलं असेल तर माहिती अधिकार वापरा. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, ३० दिवसांत उत्तर. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द एवढीच मुभा आहे, म्हणून पल्लेदार अर्ज नको. "अमुक वर्षी अमुक मंडळाला दिलेल्या साहित्याची यादी आणि पोचपावतीची प्रत" एवढं पीडीओंना (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना) विचारा. यादीत दोन ट्रेडमिल आणि मंडळात एक, तर दुसरी कुणाच्या माडीवर आहे ते गावाला बहुतेक माहीत असतंच.

महिला कोच आणि मोठ्या मुलींचं काय?

२०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा क्रीडा संस्थांना, स्टेडियमना आणि स्पर्धेच्या जागेलाही लागू आहे. 'कामाची जागा' या शब्दाच्या व्याख्येतच त्या येतात. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी. आपल्या मंडळांत तेवढी नसतात, मग तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. मुदत तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. समितीने ९० दिवसांत चौकशी पुरी करायची आणि नावं गुप्त ठेवायची. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून तक्रार करणारीवर कारवाई होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये देशातले नावाजलेले पैलवान लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसले तेव्हा आपल्या तालमीत टीव्हीसमोर गर्दी होती. मी हळूच विचारलं, आपल्याकडे अशी तक्रार आली तर कुठे जाईल? कुणालाच सांगता आलं नाही.

वस्ताद पोरांना इंजेक्शन देतात. "ताकदीचं आहे" म्हणतात.

बाटली, सिरिंजचं वेष्टन, नाव दिसेल असा फोटो. पोराला डॉक्टरकडे न्या आणि काय दिलं ते खरं सांगा. खुराकाच्या नावाखाली दिलेल्या पावडरीबद्दलही तेच. खेळाडूला बंदी असलेलं औषध देणं हा देणाऱ्याचा दोष धरला जातो, आणि देशात त्यासाठी २०२२ चा स्वतंत्र कायदा आहे. माहिती 'नाडा'कडे, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडे, देता येते. सांगणाऱ्याच्या बाजूने एक चांगली तरतूद इथे आहे: जागतिक डोपिंगविरोधी संहितेच्या २०२१ च्या आवृत्तीत, माहिती देणाऱ्याला धमकावणं किंवा त्याच्यावर सूड उगवणं हाच स्वतंत्र नियमभंग ठरवला आहे.

वय कमी दाखवून खेळवतात, तेही सांगायचं?

सांगायचं. ज्याची जागा गेली ते खरंच चौदा वर्षांचं पोरगं कुणाचं तरी असतं. शाळेचा दाखला आणि जन्मदाखला यांतला फरक दाखवून आयोजकांना लेखी द्या. मात्र त्या खेळणाऱ्या पोराला लक्ष्य करू नका, दाखला त्याने बनवलेला नसतो.

निनावी चिठ्ठी टाकली तर?

टाकू शकता, आणि कधीकधी तेवढंच शक्य असतं. पण निनावी अर्जावर सरकारी कार्यालयं सहसा हलत नाहीत, आणि मंडळात ती चिठ्ठी वाचून पहिला प्रश्न "अक्षर कुणाचं?" हाच असतो. आपल्या गावात अक्षर ओळखतात. त्यापेक्षा नाव द्या, पण एकाच माणसाला द्या, आणि "माझं नाव तुमच्यापुढे जाऊ नये" हे लिहून त्याची सही घ्या. निनावी लिहायचंच असेल तर जिथे तपासता येईल अशी तारीख, जागा, पावती क्रमांक द्या.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की लगेच हालचाल होते ना?

होते, चुकीच्या दिशेने. मुलाचं नाव, फोटो, घर ओळखू येईल असं काहीही टाकणं २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. आणि त्या ग्रुपात वस्तादांचे तिघे भाऊ असतात.

"बदनामीचा दावा ठोकीन" अशी धमकी आली.

गावात ही धमकी पावसाळ्यातल्या बेडकासारखी येते. योग्य अधिकाऱ्याकडे चांगल्या हेतूने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तो अपवाद आहे. म्हणूनच तेच वाक्य अर्जात लिहिलं तर तुम्ही सुरक्षित, आणि कट्ट्यावर ओरडलात तर नाही. जिवाची, मारहाणीची धमकी आली तर मात्र ती वेगळी गोष्ट. तारीख लिहा आणि ठाण्यात द्या.

गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा व्हिसलब्लोअर कायदा आहे म्हणतात, तो लागू होईल का?

नाही. २०१४ साली संसदेने तो मंजूर केला, पण अंमलात आणलेला नाही, आणि तो सरकारी सेवकांबद्दलच्या तक्रारींपुरता आहे. मंडळाच्या खजिनदाराला त्याचा धाक नाही.

तक्रार केल्यावर मुलाचं नाव संघातून काढलं. आता?

हा सूड बहुतेक वेळा मारामारीच्या रूपात येत नाही. दसरा क्रीडा स्पर्धेच्या तालुका निवडीला नाव पाठवायचं "राहून जातं". दुसऱ्या क्लबात जायला लागणारं पत्र द्यायला सेक्रेटरी चार वेळा भेटत नाहीत. तालमीत पोराबरोबर जोर धरायला कुणी येत नाही.

म्हणून तक्रार देण्याआधीच एक काम करून ठेवा. पोराची हजेरी, मागच्या दोन मोसमांतले सामने, मिळालेली प्रमाणपत्रं यांचे फोटो काढा. तक्रारीच्या आधी तो खेळत होता आणि नंतर नाही, हे तारखांनी दिसलं पाहिजे. कारण लेखी मागा: "निवड न होण्याचं कारण कळवावं." लेखी कारण देताना माणूस विचार करतो. आणि दुसरा क्लब आधीच बघून ठेवा. हे हरण्यासारखं वाटतं हे मला ठाऊक आहे. पण पोराचा एक मोसम वाया घालवून जिंकलेलं भांडण त्याच्या कामाचं नाही.

मी कमिटीत आहे. कुणी माझ्याकडे येऊन सांगितलं तर काय करू?

"बघतो" म्हणू नका. मी म्हणालो होतो.

एक बाई हापशाजवळ थांबली होती, घागर भरून झालेली, तरी उभी. म्हणाली, "भाऊ, पोरगं आता खेळायला नको म्हणतंय, जरा विचारा की सरांना." मला घाई होती, सायकल हातात होती. "बघतो की वैनी," म्हणालो. दोन आठवड्यांनी आठवलं तेव्हा पोराला मामाकडे संकेश्वरला पाठवलं होतं. काय झालं होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. कदाचित काहीच नसेल.

तेव्हा: थांबा, बसा, ऐका. मध्ये "असं असूच शकत नाही, मी त्याला वीस वर्षं ओळखतो" म्हणू नका. कुणाला सांगणार आणि कुणाला नाही, ते तिथेच सांगा. तीन दिवसांत परत भेटायची वेळ ठरवा आणि भेटा, हातात काही नसलं तरी. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला चौकशी होईपर्यंत मुलांपासून दूर ठेवा, पण "काढला" असं जाहीर करू नका. आणि प्रकार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराचा असेल तर वरचं पोक्सोचं उत्तर पुन्हा वाचा. तिथे तुमच्याकडे तीन दिवस नाहीत.

आरोप खोटा निघाला तर त्या कोचचं काय?

त्याचंही आयुष्य आहे. म्हणूनच गुप्तता दोघांसाठी. चौकशीत काही सापडलं नाही तर ते लेखी नोंदवून त्याला प्रत द्या, आणि ज्यांना तक्रार माहीत होती त्या सगळ्यांना तेवढ्याच स्पष्टपणे सांगा. जाणूनबुजून रचलेली तक्रार आणि न सिद्ध झालेली तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमचं मंडळ पंधरा माणसांचं. धोरण, समित्या कुठून आणू?

पोक्सोच्या २०२० च्या नियमांत क्रीडा अकादमीचा उल्लेख आहे: मुलांशी रोजचा संबंध येणाऱ्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी ठराविक काळाने व्हावी. तेवढं तरी करा. अगदी आपल्या गावच्या, सगळ्यांना माहीत असलेल्या वस्तादांचीसुद्धा. ते चिडतील. अध्यक्षांनी स्वतःची आधी करून घेतली की चिडत नाहीत.

तक्रारपेटी लावणार असाल तर ऑफिसात लावू नका. आमच्याकडे ती सेक्रेटरींच्या खुर्चीच्या बरोबर मागे होती. वर्षाने उघडली, आत गणपतीच्या वर्गणीचं एक पत्रक आणि बिडीचं थोटूक निघालं. नंतर पेटी काढून त्या जागी काहीच ठेवलं नाही. पाण्याच्या टाकीजवळ, जिथे पोरं एकेकटी पाणी प्यायला जातात, तिथे एक फळा लावला. वर दोन नावं आणि फोन: एक मंडळाबाहेरच्या शिक्षिकेचं, एक कमिटीतल्या माणसाचं, दोघांचं एकमेकांशी नातं नाही. खाली १०९८ आणि ११२. मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही सारख्याच आकारात. कन्नड शुद्धलेखन शाळेतल्या सरांनी तपासलं. फळ्यावरचा रंग दरवर्षी पावसात उडतो, म्हणून शाळा सुरू होण्याआधी, मे महिन्यात तो पुन्हा रंगवायचा. पुढच्या खजिनदाराच्या यादीत हे काम मी पावती पुस्तकांच्या खाली लिहून ठेवलंय.